व्हर्च्युअल होस्टसाठी यूपीएस शटडाउन सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अपवादांचे. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये आणि मेनूत ती अर्थातच इंग्रजीत दिसतील.

१. यूपीएस लावलेला आहेच. मग शटडाउन सॉफ्टवेअर वेगळं कशाला?

यूपीएस फक्त काही मिनिटं देतो. बॅटरी संपली की आउटपुट एका क्षणात जातं आणि त्या होस्टवरची (म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवरची) वीस-तीस व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) एकदम कोसळतात. डेटाबेस बहुतेक वेळा आपल्या लॉगवरून सावरतो. खरा त्रास होतो तो अर्धवट राहिलेल्या स्नॅपशॉटचा, बॅकअपच्या मधेच तुटलेल्या डिस्क-साखळीचा आणि कॅशची बॅटरी मेलेल्या रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा). ती मिनिटं वापरून सगळं योग्य क्रमाने बंद करणं एवढंच या सॉफ्टवेअरचं काम.

२. प्रत्येक व्हीएममध्ये यूपीएसचं क्लायंट सॉफ्टवेअर बसवू का?

नको. होस्टला सांगा, होस्ट गेस्टला (आपल्यावरच्या व्हीएमला) सांगेल. प्रत्येक गेस्टमध्ये क्लायंट टाकला तर तीस ठिकाणी आयपी, पासवर्ड आणि वेळा सांभाळाव्या लागतात, आणि कोण कोणाच्या आधी बंद होईल यावर ताबा राहत नाही. अपवाद एकच: गेस्ट टूल्स (होस्टचा निरोप गेस्टच्या आत ऐकणारं सॉफ्टवेअर) चालतच नाहीत अशी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम.

३. यूपीएस यूएसबीने जोडावा की नेटवर्क कार्डने?

होस्ट एकच असेल आणि त्यावर प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर यूएसबी पुरते. दोन किंवा जास्त होस्ट असले की नेटवर्क मॅनेजमेंट कार्ड घ्या. ते थेट यूपीएसमध्ये बसतं आणि कुठलाही सर्व्हर बंद झाला तरी बोलत राहतं. ईएसएक्सआयमध्ये (व्हीएमवेअरच्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये) यूपीएसचा स्वतःचा ड्रायव्हर नाही. तिथे यूएसबी एखाद्या व्हीएमला पासथ्रू (थेट हवाली) करावी लागते आणि त्या व्हीएमवर होस्टच बंद करायची जबाबदारी येते. चालतं, पण नाजूक.

कार्ड वापरताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मधला स्विच यूपीएसवर नसणं. वीज जाते, स्विच त्याच क्षणी मरतो आणि ‘बॅटरीवर आलो’ हा निरोप होस्टपर्यंत पोचतच नाही. नटमध्ये (यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये) क्लायंटने शेवटची स्थिती ‘मेन्सवर’ अशी पाहिली असेल तर संपर्क तुटल्यावर तो फक्त तक्रार नोंदवतो, शटडाउन करत नाही. शेवटची स्थिती ‘बॅटरीवर’ असताना संपर्क तुटला तर मात्र डेडटाइम (मूळ मूल्य १५ सेकंद) उलटल्यावर तो परिस्थिती गंभीर धरतो आणि होस्ट बंद करतो. स्विच, कार्ड, होस्ट आणि त्यांच्यामधला प्रत्येक दुवा यूपीएसवर हवा.

४. शटडाउन सॉफ्टवेअर त्याच क्लस्टरमधल्या (एकत्र चालणाऱ्या होस्टच्या गटातल्या) व्हीएमवर चालवलं तर?

पॉवरशूट नेटवर्क शटडाउन (एपीसीचं शटडाउन सॉफ्टवेअर) तसं चालवता येतं, त्याचं तयार अप्लायन्सही (आयतं व्हीएम) मिळतं. मात्र ते व्हीएम सगळ्यात शेवटी बंद व्हायला हवं आणि ते ज्या होस्टवर आहे तो होस्टही शेवटचाच. डीआरएसने (लोड वाटण्यासाठी व्हीएम आपोआप हलवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सोयीने) ते मधेच दुसरीकडे हलवलं तर हिशेब बिघडतो; म्हणून त्याला एका होस्टशी बांधणारा नियम लावा. जमत असेल तर क्लस्टरबाहेरचं लहानसं स्वतंत्र यंत्र वापरा. सिंगल बोर्ड कॉम्प्युटरही या कामाला पुरतो, आणि गुंता निम्मा होतो.

५. बंद करण्याचा बरोबर क्रम कोणता?

आधी साधी व्हीएम, मग ॲप्लिकेशन सर्व्हर, त्यानंतर डेटाबेस, मग डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा) आणि डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा), मग व्हीसेंटरसारखं होस्टचं व्यवस्थापन, मग होस्ट, मग स्टोरेज, आणि शेवटी यूपीएसचं आउटपुट. चालू करताना बरोबर उलट.

यात एक छुपा सापळा आहे. शटडाउन सॉफ्टवेअरमध्ये होस्टची नावं डीएनएसप्रमाणे लिहिली असतील आणि डीएनएस सर्व्हर हे एक व्हीएम असेल, तर ते बंद झाल्यावर सॉफ्टवेअरला होस्ट सापडतच नाहीत. तसंच लॉगिन डोमेन खात्याचं असेल तर डोमेन कंट्रोलर गेल्यावर ते नाकारलं जातं. होस्टचे आयपी लिहा आणि होस्टवरचं स्थानिक खातं वापरा. आयपीवर प्रमाणपत्राची तक्रार आली तर निदान होस्ट्स फाइलमध्ये नोंद करून ठेवा.

६. वीज गेल्यावर किती मिनिटांनी शटडाउन सुरू करावं?

कुणाचा आकडा उचलू नका, उलटा हिशेब करा. समजा सध्याच्या लोडला यूपीएस ३० मिनिटं दाखवतो. बॅटरी जुनी होणार म्हणून ३० टक्के कापा: उरली २१. आता घड्याळ लावून प्रत्यक्ष मोजलेल्या वेळा घ्या:

साधी व्हीएम ४ मिनिटं, डेटाबेस ३, व्हीसेंटर ३, होस्ट २, स्टोरेज ३. एकूण १५.

२१ मधून १५ गेली, उरली ६. त्यातली २ राखीव. म्हणजे वीज परत येण्याची वाट फार तर ४ मिनिटं पाहता येते. हा आकडा ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, कारण ‘यूपीएस अर्धा तास देतो’ हेच डोक्यात असतं.

नुसता टायमर पुरत नाही. वीज गेली, आली, तासाभरात पुन्हा गेली तर बॅटरी भरलेली नसते. लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला काही तास लागतात. म्हणून दोन अटी ठेवा आणि जी आधी पूर्ण होईल तिच्यावर शटडाउन सुरू होऊ द्या: ४ मिनिटं बॅटरीवर गेली, किंवा उरलेला वेळ ठरावीक मर्यादेखाली आला. ती मर्यादा १७ (१५ अधिक २) ठेवू नका, कारण यूपीएसने दाखवलेल्या १७ मिनिटांवरही तीच ३० टक्के कापणी लागू आहे. १७ भागिले ०.७, म्हणजे साधारण २४ मिनिटं.

७. यूपीएस ४० मिनिटं दाखवत होता, १२ मिनिटांत बंद पडला. असं का?

दाखवलेला वेळ हा अंदाज असतो: आत्ताचा लोड आणि बॅटरीबद्दल यूपीएसची समजूत. लोड दुप्पट झाला की वेळ निम्म्याहूनही कमी होतो. बॅटरी म्हातारी झाली की व्होल्टेज आधी बरं दिसतं आणि मग अचानक कोसळतं. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक ८–१० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. रॅकच्या गरम हवेत ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर जाते.

आणखी दोन कारणं: बाहेरचे बॅटरी पॅक जोडले पण त्यांची संख्या यूपीएसला सांगितली नाही; किंवा बॅटरी बदलली पण रनटाइम कॅलिब्रेशन केलं नाही. कॅलिब्रेशनमध्ये बॅटरी जवळजवळ रिकामी होते, तेव्हा ते होस्ट बंद ठेवायच्या दिवशीच करा आणि स्थिर लोडवर करा.

८. ईएसएक्सआयवर नेमकं काय काय सेट करायचं?

प्रत्येक गेस्टमध्ये व्हीएमवेअर टूल्स चालू हवीत. ती नसली तर ‘गेस्ट शटडाउन’ नावाची गोष्टच उरत नाही, थेट वीज तोडली जाते. मग होस्टच्या ऑटोस्टार्ट सेटिंगमध्ये थांबवण्याची कृती ‘गेस्ट शटडाउन’ आहे ना ते पाहा. थांबण्याची मुदत मूळ १२० सेकंद असते. व्हीएम एकामागून एक बंद होतात आणि गेस्ट लवकर बंद झालं तर पुढच्याचं शटडाउन लगेच सुरू होतं. पण २० व्हीएम अडून बसली तर सर्वांत वाईट हिशेब ४० मिनिटांचा होतो. एवढी बॅटरी कुणाकडे नसते.

होस्ट एचए (होस्ट पडला की त्याची व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवणारी सोय) क्लस्टरमध्ये असेल तर ऑटोस्टार्टची ही यादी बंद असते. ‘सेटिंग तर केलंय, पण काहीच होत नाही’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. तिथे शटडाउन सॉफ्टवेअरनेच व्हीसेंटरमार्फत किंवा थेट होस्टशी बोलून व्हीएम बंद करायला हवीत (प्रश्न १२).

लॉकडाउन मोड चालू असेल तर होस्टवरचं थेट लॉगिन नाकारलं जातं; सॉफ्टवेअरचं खातं अपवादांच्या यादीत टाका. आणि फुकटच्या परवान्यावर एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरने होस्टशी बोलायची वाट) फक्त वाचण्यापुरतं असतं. तिथे स्थिती दिसेल, बंद काहीच करता येणार नाही.

९. हायपर-व्हीमध्ये होस्ट बंद होताना व्हीएमसाठी ‘सेव्ह’ ठेवू की ‘शट डाउन’?

मूळ सेटिंग ‘सेव्ह’ असतं. ते निर्धोक वाटतं, पण गेस्टची सगळी मेमरी डिस्कवर लिहावी लागते. एकूण १२८ जीबी मेमरी आणि सेकंदाला २०० एमबी लिहिणारी डिस्क असेल तर जवळपास ११ मिनिटं नुसतं लिहिण्यातच जातात. शिवाय तेवढी जागा व्हीएम चालू असतानाच राखून ठेवलेली असते. डेटाबेस आणि डोमेन कंट्रोलरसाठी ‘शट डाउन गेस्ट’ ठेवा. ‘टर्न ऑफ’ कुणासाठीच नको.

फेलओव्हर क्लस्टर असेल तर नोड (क्लस्टरमधला होस्ट) नुसता बंद करू नका. तो आपल्या भूमिका शेजारच्या नोडवर ढकलायला लागतो आणि तो नोडही बंद होणारच असतो. क्लस्टरमधल्या व्हीएम भूमिका आधी बंद करा, मग क्लस्टर, मग नोड.

१०. प्रॉक्समॉक्सवर नट कसं बसवायचं?

प्रॉक्समॉक्स मुळात डेबियनच असल्यामुळे नट थेट होस्टवर बसतं. ज्या होस्टला यूएसबी जोडली आहे त्यावर मोड ‘नेटसर्व्हर’, बाकीच्यांवर ‘नेटक्लायंट’. बहुतेक यूएसबी यूपीएसना ‘यूएसबीहिड-यूपीएस’ ड्रायव्हर चालतो, नेटवर्क कार्डला ‘एसएनएमपी-यूपीएस’. सर्व्हर ३४९३ या टीसीपी पोर्टवर ऐकतो. फायरवॉलमध्ये तो फक्त होस्टच्या जाळ्यापुरता उघडा.

नटच्या सेटिंग फाइलमध्ये मुख्य होस्टच्या मॉनिटर ओळीत ‘प्रायमरी’, इतरांत ‘सेकंडरी’. आवृत्ती २.८.० च्या आधी हे शब्द ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ होते, म्हणून जुन्या मार्गदर्शिका वाचताना गोंधळू नका.

आता तीन ठिकाणं जिथे बहुतेक जण अडकतात.

पहिलं: नट आपणहून शटडाउन सुरू करतं ते ‘बॅटरीवर’ आणि ‘बॅटरी कमी’ या दोन्ही खुणा एकत्र आल्यावरच. ‘बॅटरी कमी’ ही खूण यूपीएस स्वतः ठरवतो आणि ती अनेकदा शेवटच्या दोन-चार मिनिटांत येते. प्रश्न ६ मधला टायमर हवा असेल तर यूपीएसस्केड (नटचा टायमर सांभाळणारा भाग) वापरा: ‘ऑनबॅट’ला २४० सेकंदांचा टायमर सुरू, ‘ऑनलाइन’ला तो रद्द, आणि टायमर संपला की सक्तीच्या शटडाउनची आज्ञा. उरलेल्या वेळेच्या अटीसाठी ड्रायव्हरमध्ये ‘इग्नोरएलबी’ लावून रनटाइमची मर्यादा सेकंदांत लिहा: २४ मिनिटं म्हणजे १४४०.

दुसरं: प्रायमरी सेकंडरींची वाट पाहतो, पण ती होस्टसिंक एवढीच, मूळ १५ सेकंद. त्यातही सेकंडरी आपली शटडाउन आज्ञा *सुरू* करताच संपर्क सोडतो. त्याची व्हीएम पूर्ण बंद होईपर्यंत नव्हे. मग फायनलडिलेचे ५ सेकंद, प्रायमरीचं स्वतःचं शटडाउन, आणि यूपीएसचं आउटपुट बंद. तोवर शेजारच्या होस्टवरचा डेटाबेस अजून डिस्कवर लिहितोय. उपाय म्हणजे प्रायमरीवरचं फायनलडिले सगळ्यात सावकाश सेकंडरीइतकं वाढवा आणि ती मिनिटं प्रश्न ६ च्या हिशेबात धरा.

तिसरं: गेस्टच्या वेळा. ज्याचा सुरू-बंदचा क्रमांक लहान ते आधी सुरू होतं आणि शेवटी बंद. क्रमांक न दिलेली गेस्ट सगळ्यात शेवटी सुरू होतात, म्हणजे आधी बंद होतात. शटडाउनची मूळ मुदत व्हीएमला १८० सेकंद आणि कंटेनरला (हलक्या प्रकारच्या गेस्टला) ६०. त्यानंतर ओढून बंद केलं जातं. एकाच क्रमांकाची गेस्ट बरोबरीने बंद होतात, म्हणून दहा वेगळे क्रमांक देण्यापेक्षा तीन-चार गट करा.

११. एक-दोन व्हीएम बंदच होत नाहीत आणि होस्ट लटकतो. काय पाहू?

गेस्ट एजंट किंवा टूल्स चालू आहेत का ते आधी. एजंट नसेल तर फक्त पॉवर बटण दाबल्याचा (एसीपीआय) संदेश जातो आणि डेस्कटॉप असलेलं लिनक्स त्यावर ‘खरंच बंद करू का?’ असं विचारत बसतं. विंडोज गेस्ट वाट पाहायला लावतं ते अपडेटमुळे. महिनाभर साचलेली अपडेट नेमकी शटडाउनच्या वेळी बसायला लागतात. प्रॉक्समॉक्सवर एक वेगळी गंमत आहे: सेटिंगमध्ये एजंट ‘चालू’ केला पण गेस्टच्या आत तो बसवलाच नाही, तर होस्ट नसलेल्या एजंटला हाका मारत मुदत संपवतो.

१२. एक होस्ट बंद केला की त्याची व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठतात. कसं थांबवू?

एचए आपलं काम चोख करतोय. सगळीच वीज गेली आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

व्हीस्फिअरमध्ये (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटरच्या संचात) व्हीएम आधी ‘गेस्ट शटडाउन’ने बंद केली तर एचए त्यांना उठवत नाही. व्हीएम चालू असताना होस्ट गेला तरच उठवतो. म्हणजे क्रम पाळला की अर्धा प्रश्न मिटतो. होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकताना मात्र त्यावर एकही चालू व्हीएम राहू देऊ नका. हलवायला जागा नसेल तर ते काम नुसतं वाट पाहत बसतं.

प्रॉक्समॉक्समध्ये डेटासेंटरच्या पर्यायांत शटडाउन धोरण असतं. मूळ ‘कंडिशनल’ धोरणात पूर्ण शटडाउनला सेवा थांबतात आणि मग दुसरे नोड त्या उचलतात. वीज गेल्यावर ते नको असतं, ‘फ्रीझ’ ठेवा. एचएखालची गेस्ट प्रश्न १० मधले सुरू-बंदचे क्रमांक पाळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये दोन नोड गेले की कोरम (बहुमत) जातो आणि एचए चालू असलेला उरलेला नोड वॉचडॉगमुळे साधारण मिनिटभरात स्वतःला रीसेट करतो, मग त्यावर काहीही चालू असो. म्हणून आधी सगळीकडची गेस्ट बंद, मग नोड.

१३. व्हीसॅन किंवा सेफ (होस्टच्याच डिस्क एकत्र करून बनवलेलं स्टोरेज) असेल तर वेगळं काही?

हो, कारण इथे होस्ट हेच स्टोरेज. व्हीसॅनमध्ये सगळी व्हीएम बंद केल्यावर होस्ट ‘नो डेटा मायग्रेशन’ पर्यायाने मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचे. दुसरा पर्याय निवडला तर बॅटरीवर असताना टेराबाइट डेटा हलायला लागेल. व्हीस्फिअर ७.० अपडेट ३ पासून पूर्ण क्लस्टर बंद करण्याची तयार सोय आहे. तिच्या पायऱ्या बघून घ्या आणि सॉफ्टवेअर त्या पाळतं का ते तपासा.

सेफमध्ये गेस्ट थांबल्यावर ‘नोआउट’, ‘नोबॅकफिल’, ‘नोरिकव्हर’, ‘नोरीबॅलन्स’ हे झेंडे (आपोआप दुरुस्ती थांबवणाऱ्या खुणा) लावा आणि मगच नोड बंद करा. परत आल्यावर ते काढायचे असतात. विसरलात तर पुढची डिस्क मेली तरी क्लस्टर दुरुस्ती करणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं शांत आहे.

१४. डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) आहे. त्याला यूपीएस वेगळा जोडू का?

नॅस त्याच यूपीएसवर ठेवा आणि त्याची वेळ होस्टच्या नंतरची ठेवा. नॅसची स्वतःची यूपीएस सेटिंग बरेचदा होस्टआधी बंद होते. मग चालू व्हीएमखालची डिस्क नाहीशी होते. ईएसएक्सआय १४० सेकंद वाट पाहून ती मृत धरतो आणि शटडाउन तिथेच रुततं. नॅस स्वतः नट सर्व्हर असेल तर तो प्रायमरी ठरतो आणि प्रश्न १० मधली दुसरी अडचण जशीच्या तशी लागू होते.

१५. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळे यूपीएस. शटडाउन कधी व्हावं?

दोन्ही यूपीएस संपत आल्यावर. नटमध्ये दोन मॉनिटर ओळी, प्रत्येकीचं पॉवरव्हॅल्यू (तो यूपीएस किती सप्लाय पुरवतो) १ आणि मिनसप्लाइज (किमान किती सप्लाय चालू हवेत) १. एकाच सप्लायचा स्विच किंवा नॅस असेल तर तो ज्या यूपीएसवर आहे तो गेला की सगळं गेलं, हे विसरलं जातं. शिवाय एक यूपीएस पडला की त्याचा सगळा लोड दुसऱ्यावर येतो. दुसऱ्याने दाखवलेला वेळ अर्ध्या लोडचा होता. प्रश्न ६ चा हिशेब नेहमी पूर्ण लोड एका यूपीएसवर धरून करा.

१६. शटडाउन सुरू झालं आणि तेवढ्यात वीज आली. थांबवता येईल का?

थांबवू नका. अर्धी व्हीएम बंद, अर्धी चालू अशी अवस्था निस्तरणं जास्त कठीण. पण इथेच सगळ्यात फसवी अडचण येते: होस्ट बंद झाले, वीज आलेलीच आहे, यूपीएसचं आउटपुट कधी तुटलंच नाही. होस्टच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, मग तो आपोआप उठणार कसा?

म्हणून शेवटी यूपीएसने आउटपुट तोडलंच पाहिजे, वीज आली असली तरी, आणि काही सेकंदांनी परत द्यायला हवं. नटमध्ये त्यासाठी पॉवरडाउनफ्लॅग (आउटपुट तोडायचं असल्याची खूण) असतो. ड्रायव्हरमधलं ‘ऑफडिले’ (आउटपुट तोडण्याआधीची मुदत) मूळ २० सेकंद, ‘ऑनडिले’ (ते परत देण्याआधीची) ३०. ऑनडिले नेहमी ऑफडिलेपेक्षा मोठं ठेवा.

सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज आल्यावरची स्थिती ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ चालत नाही: होस्ट नीट बंद झाला होता, म्हणजे त्याची शेवटची स्थिती ‘बंद’च होती.

१७. वीज आली, सगळं उठलं, आणि दहा मिनिटांत परत गेली.

बॅटरी रिकामी असताना उठण्यात हाच धोका. यूपीएसमध्ये आउटपुट देण्याआधीच्या किमान चार्जची अट लावा, म्हणजे पुन्हा एकदा पूर्ण शटडाउन करण्याइतकी बॅटरी भरल्यावरच होस्ट उठतील. स्टोरेज आणि स्विचला आधी वीज मिळावी म्हणून यूपीएसचे आउटलेट गट वापरा.

१८. सेल्फ-टेस्ट झाली आणि होस्ट बंद पडायला लागले!

टेस्टच्या वेळी यूपीएस काही सेकंद बॅटरीवर जातो. शटडाउनची वाट शून्य सेकंद ठेवली असेल तर तेवढंही पुरतं. किमान ६० सेकंद ठेवा. बॅटरी टेस्टमध्येच कोसळली असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. प्रश्न ७ पाहा.

१९. गेल्या वर्षी चाचणी पास झाली होती, यंदा काहीच बंद झालं नाही.

मधल्या काळात काहीतरी बदललं. व्हीसेंटरच्या एसएसओ (त्याच्या स्वतःच्या लॉगिन यंत्रणेतल्या) खात्यांचे पासवर्ड मूळ सेटिंगप्रमाणे ९० दिवसांत कालबाह्य होतात. होस्टचा रूट पासवर्ड बदलला पण शटडाउन सॉफ्टवेअरमध्ये जुनाच राहिला, तर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करून खातं लॉक करतं. व्हीस्फिअर ७ मध्ये पाच चुका झाल्या की १५ मिनिटं. प्रमाणपत्र नवं आलं, नवा होस्ट क्लस्टरमध्ये आला पण यादीत नाही, फायरवॉलने ३०५२ हा पॉवरशूटचा यूडीपी पोर्ट अडवला, हीही नेहमीची कारणं.

२०. मग चाचणी करायची कशी?

तीन टप्प्यांत. आधी नटच्या डमी (खोटा यूपीएस दाखवणाऱ्या) ड्रायव्हरवर किंवा कार्डच्या चाचणी-संदेशावर, शटडाउन आज्ञेऐवजी फक्त नोंद लिहिणारी स्क्रिप्ट लावून. मग मेन्स चालू असताना, ठरवलेल्या वेळी, खरं शटडाउन. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा, प्रश्न ६ ला तीच लागते. शेवटी खरी वीज तोडून.

वीज तोडताना प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. सॉकेटचा स्विच किंवा एमसीबी बंद करा. आणि ‘यूपीएसमॉन’ची (नटच्या लक्ष ठेवणाऱ्या भागाची) सक्तीच्या शटडाउनची आज्ञा प्रायमरीवर ‘नुसतं बघू’ म्हणून देऊ नका: ती सगळे सेकंडरी होस्टही खाली नेते.